थराची वरची बाजू

४ फेब्रुवारी

पोचले एकदाची. शेवटचा रस्ता नुसता वळणांचा, आणि ऑफिसने दिलेला जीपचा ड्रायव्हर प्रत्येक वळणावर हॉर्न दाबून धरणारा. समोर चिटपाखरू नाही तरी याचं चालूच. मी मनातल्या मनात त्याचं 'भोंगा' असं बारसं करून टाकलं. शेवटी विचारलंच, की बाबा रे, कुणासाठी वाजवतोस? तर म्हणाला, मॅडम, पलीकडचं दिसत नाही तिथे आपण आहोत हे सांगून ठेवलेलं बरं.

घर मला आवडलं. खाणकामगारांच्या गल्लीच्या अगदी टोकाला, डोंगराला पाठ लावून बसलेलं. पाया असा खणलेलाच नाही; उघड्या तळखडकावर थेट फरशी टाकलीय आणि तिच्यावर भिंती चढवल्यात. खालची खोली माझी. लोखंडी खाट, टेबल, कोपऱ्यात बेसिन, पश्चिमेला ऐसपैस खिडकी. वरच्या मजल्यावर मालकीणबाई राहतात. त्या निवृत्त नर्स, आणि सगळं जग अजून त्यांचा वॉर्ड. किल्ली हातात देण्याआधी त्यांनी नियम ऐकवले. नळ ठिबकता ठेवायचा नाही. भिंतीला खिळे मारायचे नाहीत. चपला दाराबाहेर. फरशी उलटायची नाही. शेवटचं ऐकून मला हसूच आलं. मी म्हटलं, बाई, भाड्याच्या खोलीत फरशा उलटणारे भाडेकरू तुम्हाला भेटले तरी कुठे? त्या म्हणाल्या, भेटले नाहीत, पण सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. मी कारण विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका.

खिडकीखालची एक फरशी डुगडुगते. दुसरी कोणी असती तर तक्रार केली असती. मी लगेच भिंगरीला फोन लावला. भिंगरी म्हणजे माझी लेक, सात वर्षांची, आणि डुगडुगणाऱ्या फरशांची मोठी जाणकार. जुन्या घराच्या जिन्याशी एक होती, तिच्यावर दोन्ही पाय फाकवून ती इतकी झुलायची की शेजारी भांडायला यायचे. तिला म्हटलं, तुझ्यासाठी एक राखून ठेवलीय. तिने फक्त एवढंच विचारलं, की ती 'टक' वाजते की 'डुग'. मी पाय देऊन पाहिलं आणि सांगितलं, 'डुग'. मग पसंत पडली.

तिचे बाबा गेल्यापासून ती माझ्या धाकट्या बहिणीकडे आहे. आईची नोकरी तंबूतली, आज या डोंगरात तर उद्या त्या. मूल कुठे ठेवणार? ही नेमणूक मी साहेबांशी भांडून मिळवली ती एवढ्यासाठीच. एकच जागा, पक्कं घर, हाकेच्या अंतरावर शाळा. महिनाअखेरीस धाकटी तिला घेऊन येतेय. तोवर खोली राहण्याजोगी दिसली पाहिजे, नाहीतर धाकटी तिला आल्या पावली परत नेईल. ती तशी स्पष्ट म्हणालीच आहे, आणि तिचं चूक नाही.

६ फेब्रुवारी

कामाला लागले. साहेबांना या पायथ्याचा नकाशा हवाय, मातीखाली कुठला खडक कुठे आहे त्याचा. स्वतः शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकणार आणि उन्हात मी.

पण तक्रार नाही. असा पायथा नशिबाने मिळतो. घाईघाईने कपाटात कोंबलेल्या चादरीसारखा दिसतो. एकेकाळी सपाट पसरलेले वाळूचे नि चिखलाचे थर, मागून डोंगराने रेटले आणि घड्या पडल्या. वर फुगलेल्या घडीला मी कमान म्हणते, खाली बसलेलीला द्रोण. पुस्तकी नावं अहवालात घालू. घडी फार आवळली की थर चक्क पालथा होतो, तळ वर आणि माथा खाली. म्हणून आमच्या धंद्यात थराला पहिला प्रश्न एकच विचारायचा: तुझी वरची बाजू कोणती? इथे चुकलं की पुढचं सगळं चुकतं, नकाशात कमानीचा द्रोण होऊन बसतो. माझे सर म्हणायचे, थर खोटं बोलत नाही, आपणच डोक्यावर उभं राहून त्याला प्रश्न विचारतो.

साक्षीदार भरपूर असतात. पाण्यात भरड वाळू आधी तळाला जाते, बारीक नंतर बसते. वाळलेल्या चिखलाच्या भेगा वर रुंद, खाली निमुळत्या. आणि ओल्या वाळूवरून कोणी चाललं तर वरच्या बाजूला खळगा पडतो, खालच्या बाजूला फुगवटा. हे भिंगरीलासुद्धा पाठ आहे.

आज नदीकाठचा द्रोण नकाशावर चढवला. इतका रेखीव की पाहून पोट भरलं.

९ फेब्रुवारी

आज खाणीत गेले. तांबूस वाळूच्या दगडाचा एक जाड थर. गावातल्या सगळ्या घरांच्या फरशा याच्याच, माझ्या खोलीतल्याही. थर सुलटा. भरड खाली, बारीक वर, भेगा वरून खाली निमुळत्या. सगळे साक्षीदार एका सुरात बोलतात.

आणि त्याच थराच्या माथ्यावर फुगवटे. टाच, चवडा, बोटं. खळगे असते तर काही प्रश्न नव्हता. पण हे वर आलेले आहेत. म्हणजे थराच्या खालच्या अंगाने कुणीतरी पाय टेकत गेलं असं म्हणावं लागेल, छतावरून पाल जाते तसं. शिवाय हा थर माणूस जन्मायच्या कितीतरी आधीचा. तेव्हा हे ऊनपावसाने दगड झिजून झालेलं काहीतरी असणार. ढगातही हत्ती दिसतो, म्हणून काय तिकडे ऊस टाकायचा?

एक गंमत मात्र टिपून ठेवते. इथे प्रत्येक फरशीच्या कडेवर छिन्नीने बाण कोरतात, डोंगरात जी बाजू वर होती तिकडे टोक करून. घरात टाकताना तीच बाजू वर. मुकादमाला कारण विचारलं तर तो हसला. पगार बाण कोरण्याचा मिळतो, म्हणाला, कारण सांगण्याचा नाही.

१३ फेब्रुवारी

दुपारी लवकर परतले. खिडकीतून तिरपं ऊन फरशीवर पडलं होतं आणि त्या उजेडात दिसलं, माझ्या खोलीतही फुगवटे आहेत. एरवी डोळ्यांना कळणार नाहीत इतके बारीक. सवयीप्रमाणे ट्रेसिंग पेपर पसरून सगळे उतरवून घेतले. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणून पाय लावूनही पाहिला.

डुगडुगणाऱ्या फरशीवर दोन जोड्या आहेत. एक मोठी, तिच्या कुशीत एक लहान. मोठी माझ्या पायाला बरोबर बसते. धाकटीला फोनवर सांगितलं, तुझी भाची माझ्याआधीच येऊन बसलेली दिसते. तिला हे आवडलं नाही. ती म्हणाली, खोलीत ओल आहे का ते सांग, बाकीचं राहू दे.

ओल नाही. फक्त त्या एका फरशीतून गारवा वर येतो.

१७ फेब्रुवारी

आज ट्रेसिंग पुन्हा पसरून पाहिलं. जुळत नाही.

मी नकाशे करणारी बाई आहे. माझी रेघ केसभर सरकत नाही हे मी गर्वाने म्हणते. चार दिवसांपूर्वी बेसिनपुढे काही नव्हतं, आता तिथे एक जोडी आहे. टेबलाखाली, मी लिहिताना पाय टेकते तिथे, एक जोडी. खाटेच्या कडेला, मी सकाळी उठून उभी राहते तिथे. जिथे जिथे मी थांबते तिथे. लहान पाय मात्र फक्त त्या खिडकीखालच्या फरशीवर.

आज दात घासताना मुद्दाम हलले नाही. थोड्या वेळाने तळव्यांना दाब कळला. जमिनीचा असतो तसा नाही. कुणीतरी पलीकडून पाय लावून उभं असावं तसा, तळव्याला तळवा.

मग आठवलं, मालकीणबाई एका जागी कधी उभ्या राहत नाहीत. बोलताना, चहा करताना, भांडतानासुद्धा येरझारा. विचारलं तर म्हणाल्या, पायाच्या शिरा फुगतात, डॉक्टरांनी सांगितलंय. असेलही.

मला भीती वाटतेय. लिहून ठेवते, म्हणजे उद्या वाचून हसता येईल.

१९ फेब्रुवारी

गल्लीत दुसरी खोली पाहिली. तीच फरशी. गावात सगळीकडे तीच. नेमणूक सोडून जावं तर पुन्हा तंबू, आणि भिंगरी पुन्हा धाकटीकडे. परवा फोनवर ती मावशीला चुकून आई म्हणाली. नाही, ही खोली मी सोडणार नाही.

त्यापेक्षा सरळ शास्त्राने जायचं. दगड वरून झिजल्याने फुगवटे दिसत असतील तर फरशीची खालची बाजू साधी सपाट असणार. तशी निघाली की मी मूर्ख, आणि प्रश्न मिटला. उद्या दुपारी मालकीणबाई दवाखान्यात तपासणीला जाणार आहेत. भोंग्याला पहार आणायला सांगितलीय.

२० फेब्रुवारी

सपाट नाही.

आम्ही ती खिडकीखालची फरशी उचलली आणि जागेवरच पालथी ठेवली, कारण तिरपं ऊन तिथेच येतं. खालच्या बाजूला खळगे आहेत. स्वच्छ, खोल, कालच उमटल्यासारखे. टाचेच्या भेगा दिसतात. लहान पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट जरा वाकडं. भोंग्याने ते पाहिलं आणि गाडीत हवा पाहतो म्हणून बाहेर सटकला. मी त्याला भित्रा म्हटलं. मला स्वतःला मात्र भीती राहिली नव्हती. हे जगात कुणी पाहिलेलं नाही, एवढंच डोक्यात. साहेब काय, साहेबांचे साहेब इथवर धावत येतील.

फोटो काढले. मग मोठ्या खळग्यांत पाय घालून उभी राहिले. नव्या चपला मापाने करून घ्याव्यात तसे बसले. फरशी एकदा डुगली, मी तोल सांभाळायला हात पसरले आणि सावरले. झालं एवढंच. पडलेसुद्धा नाही.

बाहेर येऊन पाहते तर भोंगा गाडी घेऊन गेलेला, न सांगता. खोलीतली पहारही नेली. ती मी कधी पाठ फिरवली तेव्हा नेली कोण जाणे. उद्या त्याची हजेरी घेते.

२१ फेब्रुवारी

भोंगा आला नाही. मालकीणबाईही वर नाहीत. गल्लीत दारं सताड उघडी, आत कुणी नाही. चहावाल्याची शेगडी थंड. उजेड आहे पण ऊन नाही. माझी सावली शोधली, मिळाली नाही. फोनला रेंज नाही. वाटलं, गावाला कशाला तरी बोलावलंय आणि मला सांगायचं राहिलं.

चालतच खाणीत गेले. तो तांबूस थर पाहून आधी स्वतःचाच राग आला. भरड वाळू वर आहे, बारीक खाली. भेगा खालून वर निमुळत्या. थर पालथा आहे, आणि नकाशावर मी तो सुलटा दाखवलाय. इतकी ढोबळ चूक पहिल्या वर्षाची पोरंही करत नाहीत. तशीच नदीवर गेले. माझा रेखीव द्रोण तिथे नाही. त्या जागी कमान आहे.

एक थर चुकेल, दोन चुकतील. सगळा डोंगर एकजात कसा चुकेल?

२२ फेब्रुवारी

एकतर डोंगर उलटला, नाहीतर मी. डोंगर असा उलटत नसतो.

खोलीतल्या सगळ्या फरशा पुन्हा पाहिल्या. काल रागात लक्ष गेलं नव्हतं. एकीवरही फुगवटा नाही. बेसिनपुढे, टेबलाखाली, खाटेशी खळगे. सगळ्या बाणांची टोकं खाली.

मी खालच्या बाजूला आहे. जी खाली होती ती माझ्या जागी वर गेली. मी तिच्या खळग्यांत पाय घातले, तिने तिकडून जोर लावला, आणि फरशी आम्हा दोघींना घेऊन फिरली. हे मी शुद्धीवर राहून लिहितेय. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते आज कळलं.

भूक लागत नाही. तहान नाही. खिशात ही वही आहे आणि कमरेला हातोडा.

२३ फेब्रुवारी

फरशीला कान लावला की वरचं ऐकू येतं. मालकीणबाईंच्या रेडिओवर बातम्या लागतात, त्यावरून तारीख लिहितेय. त्यांची येरझार कळते. आणि माझा आवाज. ती माझ्या आवाजात बोलते. भोंग्याला म्हणाली, गाडी काढ. तो मुकाट्याने गेला. गाडी लांब जाताना वळणावर त्याचा हॉर्न माझ्या तळव्यांत वाजला. पलीकडचं दिसत नाही तिथे आपण आहोत हे सांगून ठेवायचं. मी हातोड्याने ठोकत राहिले, हात सोलून निघेपर्यंत.

मालकीणबाई खाली आल्या. माझ्या डोक्यावर म्हणावं की पायाखाली, तिथे येऊन थांबल्या, पहिल्यांदाच थांबल्या. त्यांनी विचारलं, कसला आवाज. ती हसली. माझंच हसू. म्हणाली, नळातून येतोय, मी पाहते. मालकीणबाई पुन्हा चालू लागल्या.

२४ फेब्रुवारी

खिडकीखालच्या फरशीवर उभी राहून तिची वाट पाहते. तिने वरून पाय दिला तर फरशी पुन्हा फिरेल. ती येते, अगदी कडेपर्यंत येते, आणि वळसा घालून जाते.

एकटीच्या जोराने डुगते, फिरत नाही. दोन्हीकडून कुणीतरी हवं.

२५ फेब्रुवारी

मी इथे एकटी नाही.

सकाळी बेसिनपाशी वाळूचे कण सांडले होते. लहान पावलांच्या आकाराचे. दुपारी ते टेबलाशी होते. आता खाटेखाली. पाहिलं की हलत नाही. लिहायला मान खाली घातली की सरकतं.

अंगठ्याशेजारचं बोट वाकडं आहे.

२६ फेब्रुवारी

ती वर भिंगरीशी फोनवर बोलली. मी शब्दन् शब्द ऐकला. तुझ्यासाठी डुगडुगणारी फरशी राखून ठेवलीय, म्हणाली. माझंच वाक्य, पहिल्या दिवशीचं. तिने तेव्हाही ऐकलं असणार, तळव्याला तळवा लावून. मग म्हणाली, आल्या आल्या तिच्यावरच उभी राहा हं.

म्हणून ती वळसा घालून जाते. म्हणून फरशी बसवून घेत नाही. तिची लेक अजून इथे खाली आहे. तिला ती वर हवीय. माझी वरून पाय देईल, हिचे पाय या लहान खळग्यांत असतील, आणि फरशी—

धाकटीला कसं सांगू. कसं—

२७ फेब्रुवारी

हातोड्याचं चपटं टोक सांध्यात पाचरीसारखं ठोकून बसवलंय. फरशी घट्ट झाली. वर कुणीतरी नुसतं चाललं तरी जराशी ढिली होते. पुन्हा ठोकते.

वाळूची पोर भिंतीशी बसून बघते. आता लपत नाही. चेहरा असा नाही, वाळूचा आहे, पण मान वर करून फरशीकडे बघते ते अगदी— आईची वाट पाहणारं मूल बघतं तसंच. मला तिची दया येते. तीही कुणाची तरी लेक. येते, तरी पाचर काढणार नाही.

२८ फेब्रुवारी

हॉर्न. वळणावर. मग जवळ.

धाकटीचा आवाज. ओल नाही ना, विचारतेय. ती हो-नाही नीट सांगतेय. माझ्यापेक्षा नीट. धाकटी म्हणते, खोली छान लावलीस गं, उगीच काळजी करत होते. संध्याकाळच्या गाडीने परत निघते म्हणाली—

चपला दाराबाहेर काढल्या. लहान पाय. पळत. ओळखते मी ते पाय, हजारांत ओळखेन—

सरळ इकडेच.

पाचर ढिली होतेय. भिंगरी पाय फाकवून उभी राहिलीय, नेहमीसारखी. डुग. हसतेय. आई, डुगच वाजते गं, म्हणतेय. मला नाही, तिला म्हणतेय—

वाळूची पोर माझ्या मागे आली. हात खरखरीत. मला बाजूला ओढतेय. मी लहान खळग्यांवर उभी आहे, तिला जागा देणार नाही—

पण मी उभी असताना फिरली तर मी वर जाईन आणि भिंगरी इथे येईल, हिच्याजवळ. वर जाण्याची वाट हीच, एवढीच. हातोडा काढला की झालं. नको. भिंगरे, मी तुझ्या पायाखालीच आहे बाळा, तळव्याला तळवा लावून, गार लागलं तर घाबरू नकोस—

डुग.

हातोडा निसटला. पायांनी धरून राहत नाही, दोन्ही हात लावावे लागतील. वही खाली ठेवते. मावशी जायच्या आत तिने एकदा तरी रडावं, मी इथे राहणार नाही म्हणावं, मावशीने तिला आल्या पावली परत न्यावं. ने गं धाकटे, तिला परत ने, तिने तुलाच आई म्हटलं तरी चालेल, फक्त तिला या फरशीवरून उचल, उचल आणि